बी हिरवेच होते



नोव्हेंबर लागला की आमच्या धर्मग्रामात दोन कामे एकदम सुरू होतात. एकीकडे मृतांच्या महिन्याची तयारी, म्हणजे कबरस्तानातले गवत काढणे, क्रुसांना चुना लावणे. दुसरीकडे घराघरांतल्या माळ्यांवरून चिनी मातीच्या बरण्या खाली उतरतात, कारण नाताळची वाईन घालायची असते. बेळगावच्या बाजारात मिळणारी काळी द्राक्षे बहुतेक 'बेंगळुरू ब्लू' जातीची असतात. आपण मात्र नुसतीच काळी द्राक्षे म्हणतो.

आधीच सांगून ठेवतो, हा लेख वाईनच्या कौतुकासाठी नाही. आमच्या धर्मग्रामात दारूने मोडलेली घरे आहेत आणि त्या घरांत आम्ही बरणीचा विषयसुद्धा काढत नाही. काही मंडळ्यांतले आमचे मित्र प्रभुभोजनाला न आंबवलेला रसच घेतात, त्यांचाही आम्हाला आदर आहे. पण प्रभूने स्वतःला वेल म्हटले, शेवटच्या भोजनात प्याला हातात घेतला, त्यामुळे द्राक्षाकडे नीट बघणे आपल्याला टाळता येत नाही. यंदा ते आम्हाला जरा जास्तच बघावे लागले.

आमच्या वाड्यात एक मावशी होत्या. लहानथोर सगळ्यांच्या त्या मावशीच. त्यांच्या बरणीतली वाईन नाताळच्या दिवशी औषधाच्या पेल्यातून घोट-घोट मिळायची, त्याहून जास्त नाही. द्राक्षे घालायच्या दिवशी आम्ही मदतीला जात असू. मावशी घड हातात घेतला की आधी त्यातले लाल मणी शोधत. या जातीत एकाच घडात काही मणी काळेभोर, काही लालसर आणि एखाददुसरा हिरवाही असतो. सगळे एकदम पिकत नाहीत. असे मणी वेचून त्या वाटीत टाकत आणि त्यांची चटणी करत. आमच्या हातून घाईत एखादा लाल मणी जायचाच, आणि तो त्यांना दिसायचाच. "अरे, एक आंबट मणी गेला तर बरणी रुसते," म्हणायच्या. (एका मण्याने तसे काही होत नाही. पण एक चालतो म्हटले की मूठभर चालतात, हे मावशींना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते.)

वेदीवरचा द्राक्षारस अर्थातच वेगळा. तो बाहेरून येतो, सॅक्रिस्टीतल्या कपाटात कुलपात असतो. ख्रिस्तसभेचा नियम स्पष्ट आहे: मिस्साचा द्राक्षारस नैसर्गिक असावा, वेलीच्या फळाचाच असावा, बिघडलेला नसावा आणि त्यात परके काही मिसळलेले नसावे. म्हणून साखर आणि मूठभर गहू घातलेली मावशींची वाईन कितीही चांगली झाली तरी वेदीवर जाऊ शकत नव्हती. हे त्यांना एकदा सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. साखर लपवते."

या मावशींना दोन मुलगे. पुढचे त्या दोघांची परवानगी घेऊनच लिहितो आहोत. नावे देत नाही, आमच्या धर्मग्रामातल्यांना ती माहीत आहेत आणि बाकीच्यांना त्यांची गरज नाही.

वडील गेल्यावर घरामागच्या बोळावरून दोघांचे बिनसले. साडेतीन फूट रुंदीचा बोळ. सहा वर्षे बोलणे नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन चुली, आणि आई महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे. आम्हाला सर्वांत जास्त खुपायची ती मुले. धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन्ही घरांची मुले सतरंजीच्या दोन टोकांना बसत. वडिलांनी आंबट द्राक्षे खावीत आणि मुलांचे दात आंबावेत अशी एक म्हण इस्राएलात होती. यिर्मया आणि यहेज्केल दोघांनीही ती मोडीत काढली आहे. आमच्या सतरंजीवर ती चांगली जिवंत होती.

गेल्या वर्षी उपवासकाळात आम्ही मनावर घेतले. पवित्र गुरुवारी ज्या बारा जणांचे पाय धुवायचे त्यांची यादी फादरांनी आमच्यावर सोपवली होती. आम्ही दोघा भावांची नावे घातली आणि खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. मावशींना पहिल्या बाकावर बसवले. पाय धुतले गेले, मिस्सा झाली, आणि पोर्चमध्ये आम्ही दोघांचे हात धरून एकमेकांच्या हातात दिले. मावशी रडल्या. कोणीतरी फोटो काढला, तो धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, आणि रात्रभर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. आम्हाला वाटले, काम झाले. खरे सांगायचे तर आम्हाला आमचेच कौतुक वाटले.

मे महिन्यात थोरल्याच्या घरी वकिलाची नोटीस आली.

आम्ही धावत गेलो. थोरल्याची बायको दारातच म्हणाली, "तुम्ही हातात हात दिलात. तेव्हा नाही म्हटलं असतं तर आम्हाला चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली असती का?" धाकट्याने तर आम्हाला आत बोलावलेच नाही. आम्ही परत आलो ते त्यांच्यावर चिडूनच. पवित्र गुरुवारी प्रभूसमोर हात दिला आणि महिन्याभरात विसरले, अशी माणसे! कितीतरी दिवस आम्ही हेच बोलत होतो.

या वर्षी फेब्रुवारीत आम्ही पलूसकडे एका लग्नाला गेलो होतो. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षावर प्रक्रियेच्या उद्योगासाठी धोरण आणले, तेव्हा नाशिकजवळ विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाईन पार्क ठरले. त्या भरात अनेकांनी वाईनच्या जाती लावल्या. पुढे मागणी पडली तशा पुष्कळांनी त्या वेली उपटून पुन्हा खाण्याची किंवा बेदाण्याची द्राक्षे धरली. आमच्यातल्या एकाच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी शिराझचा एक तुकडा तसाच ठेवला आहे. लग्नाचे जेवण झाल्यावर त्यांनी आम्हाला बागेत नेले.

घड काळेभोर झाले होते. मणी लहान, आपल्या खाण्याच्या द्राक्षांच्या मानाने अगदीच बारके, सालीचे जाड. खाल्ला तर गोड. नुसता गोड नव्हे, घशाला चिकटणारा गोड. अण्णांनी खिशातून छोट्या दुर्बिणीसारखे एक उपकरण काढले, त्याच्या काचेवर मण्याचा रस पिळला आणि उजेडाकडे धरून बघायला दिले. आत निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा चोवीसच्या आकड्यावर. शंभर ग्रॅम रसात साधारण चोवीस ग्रॅम साखर, याला ब्रिक्स म्हणतात. पांढऱ्या वाईनला वीस-बावीस चालते, लाल वाईनला तेवीस-चोवीस लागते, असे ते म्हणाले.

"मग उद्या तोडणार?" आम्ही विचारले.

अण्णांनी एक मणी दोन बोटांत दाबला आणि बिया तळहातावर काढल्या. बिया हिरव्या होत्या. "गोडी आलीया," ते म्हणाले, "बी हिरवंच हाय. अजून आठवडा तरी न्हाई." मग त्यांनी बागेच्या दुसऱ्या टोकाचा, जिथे ऊन जास्त लागते तिथला एक मणी आणून दिला. त्याचे बी तपकिरी, दाताखाली भाजल्या दाण्यासारखे कुरकुरीत. आधीच्याचे बी चावले तर जीभ सुकली, कच्च्या सुपारीसारखी. बाहेरून दोन्ही मणी सारखेच काळे आणि सारखेच गोड.

त्यानंतर अण्णांनी जे सांगितले आणि नंतर आम्ही जे वाचले, ते एकत्र करून लिहितो.

फळछाटणीनंतर घड येतात ते हिरवे, कडक आणि भयंकर आंबट. मग एक दिवस मणी मऊ पडू लागतो. शेतकरी म्हणतात, मण्यात पाणी उतरले. तिथून पाने साखर तयार करून मण्यात भरत राहतात आणि आंबटपणा उतरू लागतो. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. टार्टरिक फारसे हलत नाही. कच्च्या सफरचंदात असते ते मॅलिक मात्र मणी स्वतःच वापरून टाकतो, आणि ऊन जितके कडक तितके लवकर. तिकडे सालीत रंग चढतो, वास तयार होतो, बियांतला तुरटपणा निवळतो. ही सगळी कामे एकाच चालीने होत नाहीत, आणि तीच खरी गोम आहे. थंड देशांत साखर भरता भरत नाही. तिथे वाईट वर्षी रसात वरून साखर घालण्याची रीत आहे, तिला नावही नेपोलियनच्या काळातल्या शाप्ताल या मंत्र्याचे मिळाले आहे. आपल्या उन्हाच्या प्रदेशात उलटे होते. साखर धावत पुढे जाते आणि बी मागे राहते. आकडा चोवीस दाखवतो, आणि आत कच्चे असते.

कच्च्याची वाईन कशी लागते? साखर कमी असताना तोडले तर पातळ, झोंबणारी आंबट, मद्यार्कही कमी. काही जातींत हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो, आणि तो उगीच वाटण्यासारखा नाही; मिरचीतला वासाचा घटकच कच्च्या द्राक्षात असतो. साखर भरली पण बी कच्चे राहिले तर आणखी फसवे. पहिला घोट गोड फळाचा, मागून तोंड आखडून टाकणारा कडवट तुरटपणा. मग बरणीत कितीही साखर घाला, तिचे मद्य होईल, पण त्या कच्चेपणाची पिकलेली चव होणार नाही.

आमच्यातल्या एकाने अण्णांना विचारले की तोडून चार दिवस ठेवले तर पिकणार नाही का. अण्णा हसले. "आंबा हाय व्हय त्यो आढीत घालायला? द्राक्ष वेलीवरच पिकतंय. तोडलं की जितकं हाय तितकंच. नुसतं सुकतंय."

हे खरेच तसे आहे. आंबा, केळी, चिक्कू तोडल्यावर पिकतात. द्राक्ष पिकत नाही. पानांकडून येणारी साखर देठ तुटला की थांबते. योहानाच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय आम्ही किती वेळा वाचला असेल. वेलीत राहिल्याशिवाय फांदीला फळ येत नाही इथपर्यंत आम्हाला कळत होते. आलेले फळसुद्धा वेलीवर असतानाच पिकते, हे मात्र त्या बागेत पहिल्यांदा लक्षात आले.

परतताना निपाणीपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मग मागच्या सीटवरून एक जण म्हणाला, "पवित्र गुरुवारी आपण आकडा बघून तोडलं." कोणाबद्दल ते विचारायची गरज नव्हती. दोघे भाऊ शेजारी बसले, पाय पुढे केले, हात दिला, चोवीस ब्रिक्स. बी कोणी चावून पाहिले नाही. त्या सहा वर्षांत थोरल्याचे काय दुखले, धाकट्याला वडिलांनी शेवटी काय सांगितले होते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. आणि इतक्या लोकांपुढे, फोटोत, त्यांना नाही म्हणायची जागाही ठेवली नव्हती. मावशी म्हणाल्या तसे, आमच्या साखरेने लपवले.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो.

त्या दिवसापासून 'पिकू दे' हा आमचा मंत्र झाला. दोघांकडे जायचे, चहा प्यायचा, विषय काढायचा नाही. ऐकायचे तेवढे ऐकायचे. यात चांगलेही झाले. धाकटा पहिल्यांदा मोकळेपणी बोलला. पण हळूहळू आमची चिकाटी कुठे संपली आणि आळस कुठे सुरू झाला, ते आम्हालाही कळले नाही. उशिराच्या बाजूने बोलायला आमच्याकडे एक गोष्टही होती. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी योहानिसबर्ग नावाची जागा आहे, त्या वेळी फुल्डाच्या मठाच्या ताब्यातली. द्राक्षे तोडायची तर मठाधिपतींची परवानगी लागे. सांगतात की १७७५ साली परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार फार उशिरा पोहोचला, तोवर घडांवर बुरशी धरली होती. तरी तोडली, आणि त्या वर्षीची वाईन अपूर्व निघाली. त्या स्वाराचा पुतळा तिथे उभा आहे. ही गोष्ट आम्ही किती जणांना सांगितली असेल! ती बुरशी चांगली ठरायला सकाळी धुके आणि दुपारी कोरडे ऊन लागते, आणि आपल्याकडच्या अवकाळी पावसात घडांचा नुसता लगदा होतो, हे मात्र सांगायचे आम्ही सोडून देत होतो.

जास्त पिकण्याचेही नुकसान असते. मणी वेलीवर सुरकुततो, आम्ल उतरून जाते, साखर चढत राहते. त्याची वाईन जड, मुरंब्यासारखी, घशाला जाळणारी आणि चवीला बसकी. आम्ल कमी म्हणून ती टिकतही नाही, लवकर बिघडते. तोवर पाखरे आणि पाऊस थांबलेले नसतातच. वाईनच्या बागेत नेमकी तोडणीची संधी काही दिवसांचीच. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला मळ्याचा धनी पहाटे, तिसऱ्या ताशी, दुपारी, शेवटी पाच वाजतासुद्धा बाजारात मजूर शोधत का फिरतो, यावर आम्ही नेहमी मजुरीच्या बाजूनेच बोलत आलो. कदाचित त्याचा माल पिकला होता आणि त्याला उद्यावर टाकता येत नव्हते. दाखल्यात तसे लिहिलेले नाही, हा आमचा अंदाज आहे, पण अण्णांना तोडणीच्या आठवड्यात पाहिले असते तर तुम्हालाही तसेच वाटले असते.

जुलैत एकदा मावशींनी आम्हाला विचारले, "माझ्या पोरांचं काय झालं रे?"

आम्ही शहाणपणाने म्हणालो, "मावशी, पिकू द्या. बी अजून हिरवं आहे." बागेतली सगळी हकिकत त्यांना आधीच सांगितलेली होती.

त्या हसल्या. "माझं कधीच तपकिरी झालंय, त्याचं काय करता?"

आम्हीही हसलो. त्या वाक्यात त्या काहीतरी मागत होत्या, हे आम्हाला ऑगस्टमध्ये कळले. पावसाच्या एका रात्री, धाकट्याच्या घरी असताना, त्या झोपेतच गेल्या. शवपेटीला दोन्ही मुलांनी खांदा दिला, एक उजवीकडे, एक डावीकडे. दफनानंतर लोक सांत्वनाला दोन वेगवेगळ्या झाडांखाली गेले.

त्या जुलैच्या दुपारी आम्ही दोघांना नुसते एवढेच कळवायला हवे होते की आई विचारते आहे. हात हातात द्यायची गरज नव्हती, फोटोची तर नव्हतीच. घाईची चूक आमच्या लक्षात आली होती आणि तिच्याच धाकाने आम्ही दुसरी केली. याचे पापनिवेदन आम्ही प्रत्येकाने आपापले केले आहे. पण ते आम्हाला इथेही लिहायचे होते, कारण या पानावर पवित्र गुरुवारच्या त्या मिलनाबद्दल आम्ही मोठ्या अभिमानाने लिहिले होते आणि तुमच्यापैकी अनेकांनी आमचे अभिनंदन केले होते.

आता बरणीचे. मावशींची बरणी धाकट्याकडे राहिली होती. या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसाची मिस्सा झाल्यावर, थोरल्याच्या मुलीने म्हणे आपल्या चुलत भावाला धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले, आजीची वाईन यंदा कोण करणार. आम्ही वर्गात होतो, पण हे आम्ही ऐकलेही नाही. त्याच शनिवारी संध्याकाळी धाकटा बरणी पोत्यात गुंडाळून बोळातून थोरल्याच्या मागच्या दारी गेला आणि ती पायरीवर ठेवून निघाला. वहिनींनी आतून हाक मारली, "भावजी, चहा घेऊन जा." तो म्हणाला, पुन्हा कधीतरी. दोन पावले गेला, वळला, आणि म्हणाला, "लाल मणी काढून टाका. आई काढायची."

हे सगळे वहिनींनीच आम्हाला सांगितले. नोटीस अजून मागे घेतलेली नाही. गेल्या रविवारी बाजारात थोरले काळ्या द्राक्षांच्या गाडीपाशी उभे दिसले. एक मणी तोंडात टाकून बराच वेळ चावत होते. आम्ही पलीकडच्या बाजूने गेलो, हाक मारली नाही.